दरी बघायला निघताय? आधी पाऊस बघा

अमेरिकेत मुलगा-सून असलेल्या घरांत आता एक फोटो हमखास असतो. पाठीमागे तांबूस खडकांची अथांग दरी आणि पुढे टोपी सावरत उभे असलेले आईवडील. ग्रँड कॅन्यन! 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून अधिक खोल, 1919 पासून राष्ट्रीय उद्यान. बीडमध्ये कुणी हा फोटो कौतुकाने दाखवला की मी एक खवचट प्रश्न विचारतो, "सौताड्याला गेला होतात का हो?" उत्तर बहुधा एकच, "शाळेच्या सहलीत, एकदा."

सौताडा आपल्याच पाटोदा तालुक्यात, बीडहून जामखेडला जाताना लागतो. बालाघाटचं माळरान चालू असतं आणि एकाएकी पायाखालची जमीनच संपते. विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते. तळाशी रामेश्वराचं देऊळ. तिथली दरी गाळाच्या थरांची, आपली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या कातळाची. आकाराची तुलना करू नये. पण पाण्याने दगड कापायचा उद्योग दोन्हीकडे तोच.

आता बेत आखायचा. आपल्याकडे बेत रजा पाहून आखतात, आणि इथेच गणित चुकतं. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण तेव्हा धबधब्याच्या जागी नुसता तापलेला कडा दिसतो. हा अवर्षणप्रवण मुलूख. पाणी पावसाच्या लहरीवर. श्रावण-भाद्रपदात चांगल्या सरी झाल्या की चार दिवसांत निघावं. त्याच तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्याचंही तसंच. 1994 मध्ये जाहीर झालेलं हे सुमारे 30 चौरस किलोमीटरचं रान दिवाळीच्या सुट्टीत पाहायला गेलात, तर मोर दिसतील, पण पिसाऱ्याविना! पावसाळा सरता सरता नर पिसं गाळतो. नाच पाहायचा तर आषाढ-श्रावणातली पहाट गाठायला हवी.

ग्रँड कॅन्यनकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. तळाच्या नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचा अट्टहास करू नका, असं तिथले वनरक्षक प्रत्येकाला बजावतात. आपण मात्र आजीला घेऊन ऐन दुपारी पायऱ्या उतरतो आणि मग वर बघून घाम पुसतो. सकाळी उतरा, पाण्याची बाटली जवळ ठेवा (आणि ती परत आणा), शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी उभं राहू नका. वर ढग दाटले असतील तर मुलांना प्रवाहात मुळीच सोडू नका. पाणी वरच्या माळावरून येतं, खालच्याला ते उशिरा कळतं.

"इथेही काचेचा पूल हवा," असं अधूनमधून कानावर येतं. अमेरिकेतला तसा सज्जा 2007 मध्ये झाला, तोही राष्ट्रीय उद्यानाबाहेर, हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर. माझं स्पष्ट मत आहे : पैसा आलाच तर आधी बायकांसाठी नीट स्वच्छतागृहं, भक्कम कठडे, कचरा उचलायला पगारी माणूस. काच नंतर बघू.

आणि पर्यटनाने या भागाचं नशीब पालटेल, हे स्वप्नही कुणी विकू नये. धबधबा वाहतो तेव्हा माणसं घरीच असतात. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, तेव्हा कडा कोरडा पडायला लागलेला असतो. कणसं नि भेळ विकून सहा महिन्यांची उचल फिटत नाही. तरीही पावसाळ्यातल्या त्या चार रविवारी हातात पडणारी रोकड घरच्या चुलीपाशी मिळते, हे काही थोडं नव्हे. म्हणून म्हणतो, डबा घरून नेलात तरी चहा आणि कणीस तिथलंच घ्या. घासाघीस न करता.