नव्या घराच्या नकाशात आपला चौका कुठे आहे?



नव्या फ्लॅटचा ताबा मिळायची वेळ आली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपला सुतार आहे की! इंटीरियर आर्किटेक्टला कशाला पैसे द्यायचे?" वाक्य बहुधा घरातल्या पुरुषांचं असतं आणि आपणही मान डोलावतो, कारण पैसे वाचवणं कुणाला नको असतं? मला मात्र हे पटत नाही. माझं तर म्हणणं असं की ज्या घरात नियम पाळले जातात, त्या घराला आर्किटेक्टची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. शोभेसाठी नव्हे, नियम टिकावेत म्हणून.

बिल्डर फ्लॅट बांधतो तो कुणाही कुटुंबाला चालेल असा. त्याच्या डोळ्यांसमोरच्या घरात कुणी पाणी गाळत नाही, पीठ महिन्याचं एकदम येतं, जेवणं रात्री नऊला होतात आणि दारात महाराज उभे राहतील हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. अशा घरात आपण राहायला जातो. नियम आपण मोडत नाही हो, ते आपोआप सुटत जातात. नळाखाली कळशी बसत नाही म्हणून एक दिवस तसंच पाणी घेतलं जातं. घरघंटीला जागा नाही म्हणून ती खोक्यातच राहते. स्वयंपाकघरात साडेचारलाच दिवा लावावा लागतो, मग संध्याकाळचं जेवण पुढे पुढे सरकतं. शेवटी सासूबाई म्हणतात, "आताच्या मुलींना काही राहिलं नाही." खापर बाईवर फुटतं. ओट्याला आणि नळाला कुणी काही विचारत नाही.

माझ्या जाऊबाईंनी सांगलीत घर घेतलं तेव्हा आर्किटेक्ट नेमायचा आग्रह त्यांचाच होता. आलेली मुलगी तिशीची, जैन नव्हे. तिने पहिल्या दिवशी टेपच काढली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकू, पहाटे उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते क्रमाने सांगा." जाऊबाई दीड तास बोलत होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

त्या दीड तासातून काय निघालं ते सांगते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणजे पाणी गाळणं हे काही सकाळी एकदा उरकायचं काम नाही, दिवसभर चालणारं आहे. बिल्डरने बसवलेला वळणदार नळ दिसायला छान, पण त्याच्याखाली दुहेरी छन्ना घातलेली कळशी ठेवली की कापड सरकायचं. तिने सिंकच्या बाजूला एक साधा सरळ तोंडाचा नळ वेगळा घेतला, खाली कळशी बसेल एवढं अंतर ठेवून, आणि शेजारी छन्ना वाळत घालायला छोटी दांडी. (जीवाणीचा प्रश्न फ्लॅटमध्ये आर्किटेक्ट सोडवू शकत नाही, तो महाराजांनाच विचारावा.)

मग पीठ. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस, ही मर्यादा ऐकल्यावर तिने दोन गोष्टी केल्या. ड्राय बाल्कनीत घरघंटीसाठी जागा आणि तिचा स्वतंत्र विजेचा पॉइंट काढला, आणि पिठाचे मोठे डबे बसतील म्हणून आखलेलं उंच कपाट रद्द केलं. थोडंथोडं दळणाऱ्या घरात एवढे डबे ठेवायचे कशाला? हे आपल्यालाही सुचायला हवं होतं, पण शोरूममध्ये गेलं की आपण तिथलंच स्वयंपाकघर डोळ्यांत साठवून येतो.

ओट्याचं तर विचारूच नका. जाऊबाई पाच फुटांच्या. तिने त्यांना कोपरात हात दुमडून उभं केलं, कोपराची उंची मोजली, त्यातून चार-पाच इंच कमी केले आणि ओटा साडेबत्तीस इंचांवर आणला. आपल्यातल्या कितीजणींचे खांदे रोज संध्याकाळी भरून येतात! ओटा आपल्या मापाचा नसतो हे त्यामागचं एक कारण असू शकतं, हे आपल्या मनातही येत नाही.

उजेडाची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायचं तर भाजी निवडणं चारला सुरू झालं पाहिजे आणि निवडायला उजेड हवा. फ्लॉवरमधली अळी पिवळ्या दिव्याखाली कुणाला दिसते? जाऊबाईंच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी जागा ठेवलेली होती आणि मधे लाकडी दार. सगळा पश्चिमेचा उजेड तिथेच अडत होता. मशीन बाथरूमकडे गेलं, दाराच्या जागी सरकती काच आली. स्वयंपाकघर हलवलं नाही, नळाची मोठी कामं काढली नाहीत, तरी दिवस तासाभराने वाढला.

आणि चौका. चातुर्मासात महाराज गावात आले की आपल्याला वाटतं, एकदा तरी आपल्या घरी आहार व्हावा. पण पडगाहन केलं, महाराज आत आले आणि डायनिंग टेबलाला वळसा घालताना सगळ्यांची तारांबळ उडाली, असं मी दोन-तीन घरी पाहिलं आहे. आहार उभ्याने होतो, घरचे चार-पाच जण शेजारी असतात, पाद्यप्रक्षालनाचं पाणी कुठे तरी वाहायला हवं. जाऊबाईंचं जेवणाचं टेबल भिंतीला दुमडतं. ते दुमडलं की स्वयंपाकघरासमोर सात बाय आठ फूट जागा मोकळी होते आणि बाल्कनीच्या दाराशी पाण्याला उतार आहे. त्यांनी फ्लॅटही पहिल्या मजल्यावरचा घेतला, महाराज लिफ्टने येत नाहीत म्हणून. सातव्या मजल्यावर देखावा सुंदर दिसतो, हे खरं.

आता अहिंसेबद्दल. घर बांधताना आपण हिंसेचा विचार भूमिपूजनापुरता करतो, पण रोजची हिंसा ओलाव्यातून सुरू होते. सिंकखाली पाणी झिरपतं, हलक्या प्रतीचा पार्टिकल बोर्ड फुगतो, मागे बुरशी धरते, फटीत झुरळं होतात आणि मग आपण फवारणीवाल्याला बोलावतो. हात आपला नसला तरी पैसे आपलेच असतात ना? जीव होऊच नयेत अशी व्यवस्था आधी करणं ही खरी जयणा. पाइपची भोकं बुजवणं, सिंकखाली हवा खेळती ठेवणं, ओट्याखालची कपाटं पायांवर उचलून घेणं म्हणजे खाली कुंचा फिरतो, ओल्या जागी आयएस ७१० चं प्लायवूड मागणं, ही सगळी नकाशावर आणि करारात लिहून घेण्याची कामं आहेत. २०१९ च्या पुरात आपल्या भागातल्या तळमजल्यांवरचं फर्निचर कसं फुगलं ते आपण पाहिलंच आहे.

सामानाचंही तसंच. सुताराच्या हातातला जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. फ्रेंच पॉलिशमधली लाख कीटकांपासून मिळते. सोफ्याचं चामडं, रेशमी पडदे, पिसांच्या उशा, बोन चायनाच्या कपात हाडांची राख. आपण कंदमुळं टाळतो आणि या वस्तूंवर बसून स्वाध्याय करतो! आर्किटेक्टच्या हाती सामानाची यादी असते. "यातलं काहीच नको" असं एकदा तिला लेखी दिलं की प्रत्येक दुकानात आपल्याला उलटतपासणी घेत बसावं लागत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. "अपरिग्रह सांगायचा आणि इंटीरियरवर पैसे उधळायचे?" पण उधळपट्टी कुठून होते ते बघा. सुताराला जितकं प्लायवूड तितकी मजुरी, दुकानदाराला जितकी विक्री तितका नफा. कमी करा असं सांगणारं त्या साखळीत कुणी नसतं. जाऊबाईंच्या यादीतली फॉल्स सीलिंग आणि क्रोकरीचं कपाट त्या मुलीनेच खोडलं. यात एक खोच आहे, ती मात्र लक्षात ठेवा. आर्किटेक्टची फी एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरली तर खर्च वाढण्यात तिचाही फायदा असतो. म्हणून चौरस फुटावर किंवा ठरावीक रकमेवर बोला.

सगळे आर्किटेक्ट असे नसतात हेही खरं. माझ्या एका मैत्रिणीला एका नामांकित कार्यालयात पहिल्या भेटीतच परदेशी स्वयंपाकघरांचे फोटो दाखवले आणि "पाणी गाळायला आता फिल्टर असतो ना?" असं हसून विचारलं. तिथून उठून यावं. शिवाय १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे 'आर्किटेक्ट' हे नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असणाऱ्यालाच लावता येतं. इंटीरियर डिझायनरला तशी अट नाही. काही डिझायनर फार चांगलं काम करतात, पण भिंत पाडायचा विषय निघाला तर नोंदणी विचारा, आणि सोसायटीची परवानगी घ्या.

बोलवायचं ते टाइल्स बसण्याआधी. प्लास्टर झाल्यावर सुताराबरोबर आर्किटेक्ट आली तर तिच्या हाती फक्त रंग निवडणं उरतं. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये तर आतल्या भिंतीही पुष्कळदा काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्या मागाहून फोडता येत नाहीत. मुलीला किंवा सुनेला तिथे फ्लॅट घेताना हे आधी विचारायला सांगा.

आणि पहिल्या भेटीला जाताना कळशी पिशवीत घालून न्या. नळाखालचं माप तिथेच घेऊ दे तिला.