पलटणीचे पाईक

“भाडोत्री गड्यांच्या हारजितीचें सोयरसुतक गांवच्या माणसानें कां धरावें?” असा सवाल आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं नुकताच मोठ्या ऐटींत टाकला. निमित्त झालें पिंपरी पेंढार येथील आमच्या आप्तांच्या हळहळीचें. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लीस झालेल्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यांत पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून २८–३१ अशी हरली, आणि ओसरीवर दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या त्या मंडळींपैकीं कोणासही रात्रीं जेवण गोड लागलें नाहीं. स्नेह्यांस हें हास्यास्पद वाटलें. आम्हांस त्यांचें हसणेंच उथळ वाटतें.

प्रथम या निष्ठेचा हिशेब पाहावा. २०१४ सालीं ही स्पर्धा निघाली. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाशीं होती. २०२२ च्या डिसेंबरांत ती प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोंचली, तों जयपूरनें तिला ३३–२९ असें नमविलें. अखेर १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणास २८–२५ असें हरवून तिनें अजिंक्यपद मिळविलें. दहा वर्षांच्या उपासानंतरचें हें पारणें. पण तेंही अंगीं लागूं दिलें नाहीं. पुढच्याच लिलावांत त्या विजयाचा एक प्रमुख शिल्पकार, इराणी वीर मोहम्मदरेझा शादलुई, हरियाणाकडे गेला; आणि त्याच वर्षीं २९ डिसेंबरला, खुद्द पुण्यांत, बालेवाडीस, त्यानें हरियाणाच्या पोषाखांत अजिंक्यपद उचललें. पलटण तेव्हां पहिल्या सहांतही नव्हती!

स्नेही म्हणतील, हेंच तर आमचें म्हणणें! गडी विकत घेतले जातात, सोडले जातात. मग प्रेम करावयाचें तें कोणावर? नांवावर, असें आमचें उत्तर आहे. हुतूतू हा खेळ जुन्नरकडच्या माणसास कोणा भांडवलवाल्यानें शिकविलेला नाहीं. जत्रेच्या मातींत, शाळेमागच्या पटांगणांत त्यानें तो अंगानें जाणला आहे. दम धरून मध्यरेषेपलीकडे जाणें आणि सातजणांच्या हातून निसटून परत येणें म्हणजे काय, हें त्याच्या ढोपरांस ठाऊक आहे. पलटणीचा कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्या नगर जिल्ह्यांतला. त्याला परका कसें म्हणावें? कांद्याचा भाव पडला म्हणून ज्यानें कांदा लावणें सोडलें नाहीं, बिबट्याच्या धाकांतही जो रात्रीं पिकास पाणी देण्यास जातो, त्याला ‘निकाल पाहून निष्ठा ठरव’ हें शहाणपण कोणीं शिकवूं नये.

मात्र दुसऱ्या टोकाच्या गोडबोल्यांशींही आमचें जमत नाहीं. ‘आमचे चाहते किती सोशिक!’ ही स्तुति चालकांना फार सोयीची. २०२५ च्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम्, जयपूर, चेन्नई व दिल्ली येथें झाले. पुण्यांत एकही नाहीं. ज्या शहराचें नांव छातीवर मिरवावयाचें, त्याच्याच माणसांस संघ डोळ्यांनीं पाहावयास मिळूं नये, याला खेळ म्हणत नाहींत, व्यापार म्हणतात. पिंपरी पेंढारहून बालेवाडीस जाऊन परतणें एका दिवसांत होण्याजोगें आहे. विशाखापट्टणमास कोण जाणार? बारा हंगाम परीक्षा रसिकानें दिली. आतां ती चालकांची व मालकांची घ्यावी: सामने पुण्यांत आणा, आणि गड्यांना दोनचार वर्षें तरी एका घरीं नांदूं द्या.

आमचे आप्त मात्र दुसऱ्याच दिवसापासून पुढच्या लिलावाची तारीख विचारूं लागले आहेत.