आवडलं, नावडलं… पण कुणाला?



सहलीहून परत आलं की आमच्या वर्गात एक काम ठरलेलं असतं. तिसरी-चौथीची मुलं आमच्याकडे एकत्रच बसतात. प्रत्येकानं वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लिहायचं ‘आवडलं’, उजवीकडे ‘नावडलं’. आणि अट एकच. खरं लिहायचं! बाईंना बरं वाटावं म्हणून काहीही लिहायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची सहल लोणारला गेली होती. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर आकाशातून आदळलेल्या अशनीमुळे तयार झालं, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. खोली सव्वाशे मीटरहून जास्त. म्हणजे चाळीस मजली इमारत आत उभी केली, तरी तिची गच्ची काठाच्या वर डोकावणार नाही!

दुसऱ्या दिवशी मी वह्या तपासायला घेतल्या आणि चक्रावलेच. एकीनं ‘आवडलं’मध्ये लिहिलं होतं, “लय खोल उतराव लागते.” तिच्याच शेजारणीनं ‘नावडलं’मध्ये लिहिलं होतं, “लय खोल उतराव लागते.” अक्षर न् अक्षर तेच, रकाना मात्र उलटा! पाण्याच्या वासाचंही तसंच. कुणी नाक मुरडलं, तर कुणाला तीच मोठी गंमत वाटली. वानरं एकाला आवडली, पण ज्याचा चिवडा त्यांनी पळवला त्याला नाही.

मग एक वही हाती आली. हा मुलगा तिसरीतला. त्याचा डावा पाय जन्मापासून अधू आहे. पायऱ्या खडबडीत, म्हणून मी त्याला शिपाईमामांजवळ वर काठावरच बसवलं होतं. “तू आपल्या सगळ्यांच्या पिशव्या सांभाळ हं,” असंही वर सांगितलं होतं. मला वाटलं, जबाबदारी दिली की त्याला बरं वाटेल.

त्याच्या ‘नावडलं’ रकान्यात एकच शब्द होता : “पिशव्या.”

खरं सांगते, मी वही मिटून ठेवली. त्या दिवशी पुढची एकही वही तपासली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या गावचे एक फौजीकाका सुटीवर आले. मुलांशी गप्पा मारायला त्यांना मी वर्गात बोलावलं. काश्मीरमध्ये गुलमर्गला लष्कराची एक शाळा आहे. उंच डोंगरांत आणि बर्फात कसं लढायचं, ते तिथे शिकवतात. काका तिथे स्कीइंग शिकले होते. स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत सुटायचं!

“काका, त्यांचंबी आवडलं-नावडलं असते का?” एकानं विचारलं.

काका हसले. म्हणाले, “दोन स्कीवाले भेटले की दुसरं बोलतातच काय!”

मग त्यांनी गुलमर्गबद्दल सांगितलं. तिथे गोंडोला आहे, म्हणजे तारेवरून जाणारी बंद डब्यांची गाडी. ती दोन टप्प्यांत अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरहून जास्त उंचीपर्यंत नेते. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. करा हिशेब! वरचे उतार तीव्र आणि त्यावर भुसभुशीत ताजा बर्फ. तयारीचे स्कीपटू त्यासाठी परदेशातून येतात. पण नवशिक्याला तिथे नेलं, तर त्याला फक्त भीती वाटेल. आणि ती भीती खोटी नव्हे. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे जीवही गेले. म्हणजे पट्टीच्या माणसाला जो उतार आवडतो, त्याचाच धोकाही मोठा. नवशिके खाली पठारावरच्या सोप्या उतारांवर खूश असतात. गोंडोलाच्या लांबलचक रांगेला मात्र दोघंही वैतागतात!

दुसरं ठिकाण उत्तराखंडमधलं औली. तिथले बरेच उतार त्या मानानं सौम्य. शिकणाऱ्याला हवे तसे. समोर ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी शिखर दिसतं. तरबेज स्कीपटू मात्र म्हणतो, “उतार लवकर संपतो, मजा येत नाही.” औलीची सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे बर्फाचा भरवसा नाही. कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रं तिथे बसवली आहेत. पण यंत्रालाही थंडी लागतेच! जोशीमठहून वर जायला रोपवे होता. जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचू लागली, तेव्हा तो बंद करावा लागला.

अलीकडे गुलमर्गलाही बर्फ दगा देऊ लागलाय. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. बर्फच पुरेसा नव्हता, म्हणून त्या मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

पण त्या दिवशी काकांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. फ्रान्ससारख्या देशांत स्कीच्या वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी वाट सगळ्यांत सोपी, मग निळी, मग लाल. काळी वाट सगळ्यांत अवघड. पाटी बघायची आणि आपल्याला झेपेल ती वाट धरायची. हिरव्या वाटेवरच्याला कुणी हसत नाही. डोंगर एकच, बर्फ एकच, आणि प्रत्येकाला त्यात जागा!

मी मात्र लोणारला एकच वाट नेमली होती. काळी! जो उतरेल तो सहलीला आला, जो उतरणार नाही तो पिशव्यांजवळ.

मी पुन्हा ती वही उघडली. घाईत मी त्याचा ‘आवडलं’ रकाना वाचलाच नव्हता. तिथे लिहिलं होतं : “वरून तळं पुरं गोल दिसते. पोरं मुंगीसारखी दिसली. खाली गेलेल्याइले गोल दिसलं नसन.”

दोस्तांनो, अगदी बरोबर! मी स्वतः तळाशी गेले होते. मला झाडं दिसली, पाणी दिसलं, देवळं दिसली. आखलेल्या वर्तुळासारखं ते विवर काही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी मुलांनीच पुन्हा लोणार मागितलं. या वेळी आधी फळ्यावर नकाशा काढला आणि रंगीत खडूंनी वाटा रंगवल्या. गावातलं दैत्यसूदन मंदिर आणि काठावरून सरोवर बघायची जागा हिरव्या रंगात. गोमुखाच्या पायऱ्या निळ्या. खाली तळापर्यंतची वाट काळी. रंग ज्याचा त्यानं निवडायचा. हिरव्या गटात सात जण झाले, त्यात दोन धडधाकट मुलं! त्या गटाचं काम होतं काठावर बसून विवराचं चित्र काढायचं आणि घेर किती ते गणितानं शोधायचं. रुंदी १.८ किलोमीटर, तिला ३.१४ नं गुणलं की उत्तर साधारण साडेपाच किलोमीटर. गटप्रमुख कोण होता, ते तुम्ही ओळखलंच असेल. आणि पिशव्या? त्या बसमध्ये राहिल्या, कुलूप लावून!

परत आल्यावर त्याची वही मी सगळ्यांत आधी उघडली. ‘नावडलं’मध्ये लिहिलं होतं, “टाइम कमी पडला. चित्र अर्धं राहिलं.”

आता तुमचं काम. गेल्या सहलीचं पान काढा. दोन रकाने आखा, आणि या वेळी तिसराही आखा : ‘कुणाला?’ नुसतं “जागा बेकार आहे” लिहू नका. “दम लागतो त्याला अवघड”, “चित्र काढणाऱ्याला छान” असं लिहा. आईबाबा, तुम्हीही सुटीचा बेत ठरवताना घरातल्या आजीला आणि सगळ्यांत धाकट्याला आधी विचारा बरं का, त्यांची वाट कोणत्या रंगाची?

आणि हो, कुणाच्या रकान्यात एकच शब्द असेल, तर तो नीट वाचा.

तुमच्या,
बाई