माकड, मनुष्य आणि औषधाची परीक्षा

मात्रा चुकली की औषधाचे विष होते, हे वैद्यकाचे जुने सूत्र घरोघरच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असते. परंतु ती मात्रा प्रथम ठरवावी कशी आणि ती ठरविताना कोणाचा देह पणाला लावावा, हा प्रश्न तितक्या सहजपणे विचारला जात नाही. मॉरिशसमध्ये तरी तो विचारला गेला पाहिजे. कारण औषधांच्या परीक्षेसाठी लागणारी माकडे पुरविणाऱ्या प्रमुख देशांत या लहानशा बेटाची गणना होते, आणि येथे वाढविलेली माकडे अमेरिकेला व युरोपला पाठविली जातात.

प्राण्यांवरील विषपरीक्षा ही कोणा निर्दय माणसाची लहर नव्हे. ती दुःखातून जन्मली आहे. १९३७ साली अमेरिकेत घशाच्या विकारावरील एक गोड, पातळ औषध विक्रीस आले. मूळ औषध गुणकारी होते. पण ते ज्यात विरघळविले होते, तो डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव विषारी होता. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळ मुले होती. विक्रीपूर्वी औषध निर्धोक आहे की नाही हे पाहण्याची सक्ती तोपर्यंत नव्हती. ती १९३८ च्या कायद्याने आली. पुढे १९५७ पासून १९६१ पर्यंत विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्यांमुळे अनेक देशांत हजारो अर्भके हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि नियम अधिक कडक झाले. उंदीर, ससा, कुत्रा आणि माकड यांचे प्रयोगशाळेतील स्थान पक्के झाले, ते अशा प्रसंगांमुळे. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शोधून काढण्याची, १९२७ साली ट्रेवन यांनी मांडलेली रीत तर पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. आंतरराष्ट्रीय नियमावलीतून ती २००२ साली वगळण्यात आली.

मॉरिशसचे लांब शेपटीचे माकड मूळचे आग्नेय आशियातले. सुमारे चारशे वर्षांपूर्वी ते जहाजांतून या बेटावर आले. त्याच्याविषयी येथील समाजाची वृत्ती एकसारखी नाही. ब्लॅक रिव्हरच्या रानालगतच्या शेतकऱ्याला ते केळी आणि ऊस नासणारे वाटते. वन्यजीवांच्या रक्षकांना ते गुलाबी कबुतराची अंडी खाणारे वाटते. आणि ज्या घराच्या अंगणात हनुमानाची लाल झेंडी उभी आहे, तेथील आजीला त्याच्यावर दगड उचलणे जड जाते. या तिन्ही भावनांत तथ्य आहे. परंतु माकड पवित्र की उपद्रवी, एवढ्यावरच वाद थांबला, तर खरा प्रश्न बाजूलाच राहील. खरा प्रश्न असा, की माकडाच्या देहाने दिलेले उत्तर माणसाच्या देहाला लागू पडते काय?

या प्रश्नाचे एक कठोर उत्तर मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात मिळाले. टीजीएन १४१२ नावाचे नवे प्रतिपिंड-औषध सहा निरोगी तरुणांना टोचण्यात आले. याच लांब शेपटीच्या जातीच्या माकडांना ते आधी देऊन पाहिले होते आणि त्यांना काही अपाय झाला नव्हता. माणसांना दिलेली मात्रा तर माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकीच होती. तरीही काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. पुढील संशोधनात कारण उमगले. ज्या खुणेला हे औषध चिकटते, ती खूण माणसाच्या काही विशिष्ट श्वेतपेशींवर असते. माकडाच्या तशाच पेशींवर ती नसते. परीक्षा कसोशीने झाली होती. परंतु परीक्षार्थीच वेगळा होता.

म्हणून आज शास्त्रज्ञ मानवी पेशींकडेच वळत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली ही दिशा स्पष्टपणे दाखविली. प्राण्याच्या देहात वरून काय दिसते ते मोजण्याऐवजी, रसायन मानवी पेशीत नेमकी कोणती क्रिया बिघडविते ते शोधावे, असा तिचा आशय होता. त्यानंतर यंत्रमानवांच्या साहाय्याने सुमारे दहा हजार रसायनांची पेशींवर छाननी करण्याचे कार्य हाती घेण्यात आले. उंदरांवरील कर्करोगाच्या एकाच परीक्षेला दोन वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेगाचे महत्त्व कळते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी त्वचेवर रसायनाचा दाह पाहता येतो. बोटाएवढ्या पट्टीवर यकृताच्या पेशी जगवून त्यांतून औषध वाहवता येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पट्ट्यांवर २७ औषधे तपासली गेली. त्यांतील यकृताला घातक असलेल्या औषधांपैकी ८७ टक्के ओळखता आली. यांतील बहुतेक औषधे प्राण्यांच्या परीक्षेत निर्धोक ठरली होती.

कायदाही मागोमाग चालला आहे. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करणे युरोपीय संघाने २०१३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. भारतानेही २०१४ साली तसे केले. नव्या औषधासाठी प्राण्यांवर परीक्षा झालीच पाहिजे, ही अट अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढली. एप्रिल २०२५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने प्रतिपिंड-औषधांसाठी ही पद्धत क्रमाक्रमाने मागे टाकण्याचा आराखडा जाहीर केला. माकडांचा मोठा उपयोग याच औषधांसाठी होतो.

यावर कोणी म्हणेल, की मग सारी प्राणिपरीक्षा आजच का थांबवू नये? तसे करणे घाईचे होईल. काचपात्रातील पेशीला गर्भ नसतो, मेंदू नसतो, म्हातारपण नसते. औषध पोटातून रक्तात, रक्तातून यकृतात आणि तेथून मूत्रपिंडात कसे फिरते, हे एका पट्टीवर संपूर्णपणे दिसत नाही. शिवाय नवी पद्धतही चुकू शकते. टीजीएन १४१२ मानवी पेशींवर नुसते द्रावणरूपात घातले, तेव्हा धोका दिसलाच नाही. पात्राच्या तळाला ते चिकटवून घेतले, तेव्हा तो दिसला. तेव्हा जुन्या पद्धतीला जी कसोटी लावली गेली नाही, ती नव्या पद्धतीला अवश्य लावावी आणि ती उतरली, की नियामकांनी केवळ सवयीखातर जुन्या पद्धतीचा हट्ट धरू नये. आजारी माणसाची सुरक्षितता हाच येथे निर्णायक निकष असला पाहिजे. प्राण्याची सुटका त्याच वाटेने होत असेल, तर ती दुहेरी पुण्याई होय.

मॉरिशसने या बदलाकडे केवळ प्रेक्षक म्हणून पाहणे परवडणारे नाही. १८३४ नंतर करारावर आलेल्या मजुरांच्या वंशजांना एका पिकावर, एका गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत चांगली ठाऊक आहे. १९७५ पासून युरोपने साखरेला हमीभाव दिला होता. २००६ नंतर तो ३६ टक्क्यांनी उतरविण्यात आला आणि २००९ साली तो करारच संपला. ती वार्ता आधीपासून कानांवर येत होती. तरी पुष्कळ लहान शेतकरी गाफील राहिले आणि त्यांची शेते ओसाड पडली. माकडांच्या व्यापाराविषयी आज तशीच वार्ता येत आहे. ज्यांचे पोट त्या पैदास केंद्रांवर चालते, त्या कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी पर्याय वेळेत उभा करण्यात अर्थ आहे. पेशीसंवर्धन आणि संगणकीय विषशास्त्र हे विषय येथील विद्यापीठात जोमाने शिकविले जावेत. औषधे आणि शेतीची रसायने तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना नव्या पद्धतीचे पुरावे वाचण्याचे शिक्षण मिळावे. ऊसमळ्यात तणनाशक फवारणाऱ्या मजुराच्या त्वचेचे आणि फुप्फुसाचे रक्षण याच ज्ञानाने अधिक चांगले होईल, कारण त्याचा पुरावा माणसाच्या पेशीतूनच आलेला असेल.

पूर्वजांनी रान तोडून शेते केली. त्यांच्या नातवंडांनी शाळा गाठल्या. आता पणतवंडांनी प्रयोगशाळेत बसावे, ही अपेक्षा मोठी नाही. मात्र ती पुरी करायची, तर तयारी माकडांची मागणी घटण्यापूर्वी झाली पाहिजे. नंतर ती करण्यास कोणी थांबणार नाही.