दंड, सत्कार आणि परीक्षा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर भंगाराने भरलेला ट्रक दिसल्याशिवाय राहत नाही. मोडके ड्रम, गंजलेले पत्रे, कापलेले पाइप, कधी एखाद्या जीपचे बॉनेट. हे सारे भट्टीत जाते, वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण इथल्या व्यापारी वैभवावरून पडली असेल. आज तिचा अर्थ बियाण्यांत आणि पोलादात शोधावा लागतो.

त्या ट्रककडे कधीकधी एखादा पोरगा वेगळ्याच नजरेने पाहत असतो. वेल्डिंगच्या दुकानात हाताखाली काम करणारा, किंवा आयटीआयहून घरी निघालेला. त्याला त्या भंगारात सळई दिसत नाही. चाक दिसते, स्टिअरिंग दिसते आणि डोळे मिटले की आपली स्वतःची, दोन माणसांची, जमिनीलगत धावणारी गाडी दिसते.

समजा, त्याने ती खरोखरच बांधली, तर आपण काय करू? आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. रस्त्यात अडवला गेला तर दंड, पुढाऱ्याच्या नजरेस पडला तर सत्कार. गाडी चांगली झाली आहे की धोक्याची, हे तपासून पाहण्याचे तिसरे उत्तर आपण ठेवलेलेच नाही. आज त्या तिसऱ्या उत्तराविषयी बोलायचे आहे.

स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्याला कोट्यवधींची परदेशी मोटार आठवते. पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना श्रीमंतीची नाही, हलकेपणाची आहे, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. शंकरपटातला छकडा आठवा. बैल तेच, पण कापसाची बैलगाडी वेगळी आणि शर्यतीचा छकडा वेगळा. छकड्याला साट्या नाहीत, पाट्या नाहीत. हाकणारा बसेल एवढीच जागा. ओढणाऱ्याची ताकद वाढवता येत नसेल तर ओझे कमी करावे, हा तो विचार.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन या अभियंत्याने हाच विचार मोटारीला लावला. त्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची दोन आसनी गाडी आणली. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, इंजिन फोर्डच्या साध्या घरगुती मोटारीचे आणि वजन अवघे पाचशे किलोच्या घरात. तयार मोटारीवर तिथे जबर खरेदी-कर होता. सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. म्हणून ही गाडी खोक्यांतून विकली जाई आणि गिऱ्हाईक ती आपल्या घरी जोडी. जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागू होईल, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका द्यायची आणि ती उलटीकडून वाचायला सांगायचे, असाही किस्सा सांगतात. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी, अडीचशे पौंडांतही आपली स्पोर्ट्स कार बांधता येते, असे सांगणारे पुस्तकच लिहिले. त्या वेळच्या भावाने ही रक्कम चौदा हजार रुपयांच्या आसपास होते. एक जुनी फोर्ड घ्यायची, तिचे इंजिन, गिअर, आस, ब्रेक काढायचे आणि चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर बसवायचे, अशी त्याची रीत. त्या पुस्तकावरून अनेकांनी आपापल्या घरी गाड्या बांधल्या.

हे जालन्यात जमेल काय? हाताचा आणि मालाचा प्रश्न असेल तर जमेल. आपली सळई काँक्रीटसाठी, ती इथे कामाची नाही. सांगाड्याला पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप लागतो, आणि तो खिडक्या-दारे बनवणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतो. असा सांगाडा पाऊणशे किलोपर्यंत जातो, म्हणजे पाइपचा खर्च एका साध्या मोबाइलच्या किमतीपलीकडे जाऊ नये. इंजिनासाठी मारुतीची ऑम्नी व्हॅन डोळ्यांपुढे येते. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण गॅरेजवाल्यांना तिचा नट न् नट पाठ आहे. मारुती ८०० मध्ये ओढ पुढच्या चाकांना; ऑम्नीत मात्र तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसते आणि ओढ मागच्या चाकांना मिळते. 'सेव्हन'सारख्या गाडीला नेमके हेच हवे. इंजिनाची ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. व्हॅनचे वजन पावणेआठशे किलोच्या घरात. तेच इंजिन पाचशे किलो ओढू लागले, की ओझे एक तृतीयांशाहून अधिक घटते. कुठलाही जास्तीचा खर्च न करता गाडी चपळ होते.

खर्च होतो तो पुढे. टायर जुने चालत नाहीत. ब्रेकच्या नळ्या, रबरे, सिलिंडर नवेच घ्यावे लागतात. वायरिंग, रेडिएटर, आसने, पट्टे, दिवे यांत पैसा मुंगीच्या पावलांनी जातो आणि मोजायला बसल्यावर हत्तीएवढा दिसतो. 'थोडक्यात गाडी' या शब्दांना भुलणाऱ्याने हे आधी लिहून काढावे. आणि पैशापेक्षाही अधिक लागते ती सबुरी. वरून चकचकीत दिसणारा वेल्डिंगचा सांधा आतून पोकळ असू शकतो. व्हॅनचे ब्रेक हलक्या गाडीला तसेच लावले, तर जोरात दाबल्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. स्टिअरिंगचा दांडा सरळ एका रेषेत ठेवला, तर समोरून धडक बसताच तो चालवणाऱ्याच्या छातीत शिरतो. म्हणून त्याला सांधे देऊन वळवतात. ही कुठली गुप्त विद्या नव्हे. पण ती कुणीतरी शिकवावी लागते आणि कुणीतरी तपासावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात असे वेडे कमी झाले नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे एका छोट्या, स्वस्त मोटारीचा ध्यास घेतला. तिचे नाव 'मीरा'. एकामागून एक नमुने करत ते १९७५ पर्यंत पोचले. इंजिन मागे, गाडी आटोपशीर आणि किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा हिशेब. सामान्य माणसाची मोटार हा शब्द आपल्या ओठांवर रुळण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ती चालवून दाखवली होती. मीरा कारखान्यापर्यंत पोचली नाही. आज तिचे कौतुक होते. पण ते पन्नास वर्षे उशिरा आलेले कौतुक आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या भागांतून चारचाकी बांधली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू करायची ती स्कूटरसारखी किक मारून. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची दखल घेतली, त्यांच्या हिकमतीचे कौतुक केले. मात्र ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

गोष्ट गोड आहे. देणाऱ्याचा उमदेपणा आणि घेणाऱ्याची कला, दोन्हींना नमस्कार. तरीही तिच्यातून काय निघते ते पाहा. दंड होण्याआधी सत्कार झाला, म्हणून शेवट गोड झाला. लोहारांच्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, सांधे कसे आहेत, काय दुरुस्त केले तर ती रस्त्यावर धावू शकेल, हे सांगण्याची यंत्रणाच नव्हती. ज्याच्या वाट्याला असा उद्योगपती येणार नाही, त्या कारागिराने काय करायचे?

अलिबागजवळ कारलेखिंडीत चिंकारा मोटर्सने 'सेव्हन'च्या घराण्यातली रोडस्टर बनवून दाखवली होती. फायबरची काया, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत हे रोप उगवतच नाही, असे मुळीच नाही.

मग अडते कुठे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ रचनेहून वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधिक ठळक केली. नवी गाडी बाजारात आणायची, तर नियमांनुसार तिचा नमुना पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च वाटून घेता येतो. आयुष्यात एकच गाडी बांधणाऱ्याने तो कोणावर वाटायचा? उत्तरेकडच्या 'जुगाड' गाड्यांविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, तेही मोटार वाहनच आहे आणि त्यालाही कायदा लागू आहे.

हे नियम मूर्खपणाचे आहेत, असे मी म्हणणार नाही. रस्ता एकट्या हौशी माणसाचा नसतो. त्यावर शाळेत चाललेली मुले असतात, सायकलवरचे आजोबा असतात. उद्या जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कुणी घरची गाडी घेऊन चढला, तर त्याला अडवणाऱ्या शिपायाच्या बाजूने मीच उभा राहीन. माझे म्हणणे एवढेच की, नापास करायचे असेल तर आधी परीक्षा घ्या.

अशी परीक्षा आपल्याच देशात घेतली जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले 'बाहा' आणि 'फॉर्म्युला' स्पर्धांसाठी नळ्यांच्या सांगाड्याच्या गाड्या बांधतात. फॉर्म्युला गटात गाडी धावण्याआधी कडक तपासणी होते. ब्रेक दाबला की चारही चाके जाम व्हावी लागतात. गाडी साठ अंशांत कलवून पाहतात. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवावे लागते. जी गाडी यात बसत नाही ती धावत नाही, मग कॉलेज कितीही नामांकित असो. पण या परीक्षेला बसायला कॉलेजचे ओळखपत्र लागते. ज्याच्या हातात वेल्डिंगची खरी कला आहे, तो दाराबाहेरच राहतो.

इंग्लंडने घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी १९९८ पासून सुरू केली; २००९ मध्ये तिची नवी पद्धत आली. गाडी उत्तीर्ण झाली तर नोंदणी, नाही तर चुकांची यादी घेऊन घरी परत. आपल्याकडेही एक धागा आहेच. सीएनजीची किट मान्यताप्राप्त असेल आणि रीतसर बसवून आरटीओकडे नोंदवली असेल, तर कायदा ती स्वीकारतो. किट हा शब्द कायद्याला परका नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सुरुवात रस्त्यावरून नको, मैदानावरून करा. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या आवारात वर्षातून एकदा घरच्या गाड्यांची तपासणी ठेवा. तज्ज्ञ पुण्याहून येऊ देत. इंजिन कुठून घेतले त्याची पावती मागा, म्हणजे चोरीच्या गाड्यांना वाट मिळणार नाही. सांधे, ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची टाकी तपासा आणि शेरा लेखी द्या. काही वर्षांच्या अनुभवानंतर, उत्तीर्ण गाड्यांना मर्यादित वेगाची, मर्यादित रस्त्यांची आणि विम्याच्या सक्तीची नोंदणी देता येते का, याचा विचार सरकारने करावा. 'यातही चिरीमिरी शिरेल' असे कुणी म्हणेल. शिरू शकते. पण परीक्षेत कॉपी होते म्हणून आपण परीक्षाच बंद केल्या नाहीत.

राहता राहिला घरचा प्रश्न, आणि रविवारच्या सकाळी तोच अधिक महत्त्वाचा. पोराने अंगणात पाइप आणून टाकले, की आईला हातापायाची काळजी वाटते आणि वडिलांना पैशाची. दोन्ही काळज्या रास्त आहेत. पण गाडी बांधणारा पोरगा भूमिती करत असतो, हिशेब करत असतो, चुकलेला सांधा पुन्हा कापून जोडायला शिकत असतो. वाळूजच्या कारखान्यांना लागतात ती अशीच माणसे. त्याला आणि आईवडिलांना एकच आधार हवा असतो: आपण केले ते बरोबर की चूक, हे सांगणारा कुणीतरी जाणता माणूस.

पूर्वी गावात तो होता. सुताराने चाक घडवायचे, लोहाराने लोखंडी धाव तापवून त्यावर चढवायची, वरून पाणी ओतायचे आणि ती आवळून बसली की नाही हे म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात फिरवून पाहायचे. सैल असेल तर तो शिव्या देई, पण चाक फेकून देत नसे. पुन्हा तापवायला लावी. आपल्या कारागिराला त्या म्हाताऱ्याचा हात पुन्हा मिळवून द्यायला हवा. नाही तर भंगाराचा ट्रक रोज येतच राहील, आणि पोराने मनात बांधलेली गाडीही त्याच भट्टीत जाऊन सळई होईल.