उलटा सेल आणि रचनाकाराची जबाबदारी

विजेरी, हेडलॅम्प किंवा सुटे सेल घेणारी पॉवर बँक यांत वापरला जाणारा ‘18650’ हा लिथियम-आयन सेल सुमारे 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा दंडगोल असतो, आणि साध्या होल्डरमध्ये तो कोणत्याही दिशेने तितक्याच सहजपणे बसतो. कॅमेऱ्याच्या चपट्या बॅटरीला खाच आणि एका बाजूला घेतलेले संपर्क देऊन उत्पादकांनी हा प्रश्न मिटवला. सुट्या सेलच्या बाबतीत मात्र तो बहुधा अधिक-उणे चिन्हांवर, म्हणजे अखेर वापरणाऱ्यावर, सोपवला जातो. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेथे विजेरीतला सेल अंधारात, चाचपडतच बदलला जातो. अशा ठिकाणी छापील चिन्ह ही सूचना असते, संरक्षण नव्हे.

चुकीची किंमत मोठी आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्टचा असतो. समांतर जोडलेल्या दोन सेलांपैकी एक उलटा बसला, तर दोहोंचा मिळून 8.4 व्होल्टचा दाब मुख्यतः त्यांच्याच अंतर्गत रोधावर पडतो, आणि हा रोध प्रत्येकी 40 मिलिओहम धरला व संपर्कांचा रोध वगळला, तर प्रवाह 100 अँपिअरच्या पुढे जातो.

यावरचा सर्वांत साधा उपाय आकाराचा आहे: धन बाजूचा संपर्क प्लास्टिकच्या कडांमध्ये किंचित आत ठेवला, की सेलचे उंचवटा असलेले धन टोकच त्याला टेकते आणि सपाट ऋण टोक अडते. मात्र अशा होल्डरला धन टोकही सपाट असलेले सेल चालत नाहीत, आणि सर्व प्रकारचे सेल चालावेत या हट्टापायी अनेकदा हीच कड गाळली जाते.

दुसरा उपाय विद्युतीय आहे. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मालेत जोडता येतो, पण साध्या सिलिकॉन डायोडवर सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात, आणि सरासरी 3.7 व्होल्टच्या सेलला ही घट परवडणारी नसते. म्हणून पी-प्रकारचा मॉस्फेट, म्हणजे गेटवरील दाबाने चालू-बंद होणारा अर्धवाहक स्विच, पसंत केला जातो. त्याचे गेट ऋण तारेला जोडले, की सेल सुलट असताना तो अत्यल्प रोधाने चालू राहतो व उलटा असताना बंद होतो. परंतु उपकरणातच चार्जर असेल तर हीच योजना फसते, कारण मॉस्फेटच्या पलीकडे चार्जरचा दाब आधीच हजर असल्याने सेल उलटा असूनही मॉस्फेट उघडतो, आणि पूर्ण वा अर्धवट उघडून तापू लागतो. त्यामुळे ध्रुवतेची पारख चार्जरच्या बाजूने न करता थेट होल्डरच्या टोकांवर करणे, आणि ती सुलट ठरेपर्यंत मार्ग बंद ठेवणे, आवश्यक ठरते.

या उपायांचा क्रमही महत्त्वाचा आहे. समांतर सेल होल्डरमध्येच एकमेकांना थेट जोडलेले असतील, तर पुढे बसवलेला एकच मॉस्फेट त्यांच्यातला प्रवाह थांबवू शकत नाही. म्हणून आधी आकाराने अडवावे, मग प्रत्येक सेलच्या मार्गावर विद्युतीय पहारा ठेवावा, आणि चिन्ह या दोहोंनंतर छापावे. सेल वापरणाऱ्याने बदलावा अशीच ज्या उपकरणाची रचना आहे, त्यात सेल उलटा बसणे हा नेहमीच्या वापराचा भाग मानला पाहिजे, आणि या कसोटीला न उतरणारे उपकरण सदोष ठरवले पाहिजे.