झोपलेल्या चालकाचा वाटा

टेक्सासमधल्या लारेडोच्या सीमेवर, मेक्सिकोतून आलेले मोटारीचे सुटे भाग एका ट्रकमध्ये चढवले जात आहेत, असे समजा. माल फार नाही, चार पॅलेटच आहेत. पण तो उद्या रात्रीपर्यंत डेट्रॉईटजवळच्या कारखान्यात पोहोचला नाही, तर जुळणीची लाइन बंद पडेल. अंतर सुमारे १,६५० मैल, म्हणजे साधारण २,६५० किलोमीटर. अमेरिकी नियमानुसार दहा तासांच्या विश्रांतीनंतर एका चालकाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ताशी सरासरी ५५ मैल धरले तर हा ३० तासांचा रस्ता आहे. एकटा चालक वाटेत दोनदा दहा-दहा तास थांबेल आणि ५० तासांनी पोहोचेल. दोन चालक असतील तर गाडी थांबायची गरज नाही. एक चालवतो आणि दुसरा पाठीमागच्या बर्थवर झोपतो.

अशा तातडीच्या मालवाहतुकीला तिथे ‘एक्स्पिडाइट’ म्हणतात. ओहायो राज्यातल्या ॲक्रनच्या रॉबर्ट्स एक्स्प्रेसने या धंद्यात नाव कमावले. ती कंपनी १९९८ मध्ये फेडएक्सकडे गेली आणि आज फेडएक्स कस्टम क्रिटिकल म्हणून ओळखली जाते. ग्राहक जादा दर मोजतो तो ट्रक न थांबण्यासाठी, आणि ट्रक थांबत नाही तो मागे झोपलेल्या माणसामुळे. दोन चालकांमधल्या पैशांच्या वाटणीचा विचार इथून सुरू झाला पाहिजे. बहुतेक भांडणे तो इथून सुरू न झाल्यामुळेच होतात.

झोपलेला माणूस कामावर आहे की सुट्टीवर, याचे उत्तर तिथल्या कायद्यालाही सहज सापडलेले नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने मत दिले की बर्थमधला विश्रांतीचा वेळ कामाचा वेळ धरायला नको. पुढे दोन-दोन चालकांच्या जोड्यांनी ट्रक चालवणाऱ्या सीआरएसटी एक्सपेडायटेड कंपनीच्या प्रशिक्षणार्थी चालकांचा खटला बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने उलटा निर्णय दिला. दिवसात आठ तासांपलीकडे चालक बर्थमध्ये राहतो, तो वेळ कामाचाच, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या मते हा निर्णय योग्य आहे. धावत्या ट्रकमधून उतरून जो माणूस घरी जाऊ शकत नाही, त्याला सुट्टीवर आहे कसे म्हणायचे?

पण हा निर्णय पगारी चालकांपुरता आहे. एक्स्पिडाइटमधल्या पुष्कळशा जोड्या पगारी नसतात, त्या भाड्यातल्या टक्क्यांवर काम करतात. ट्रक तिसऱ्याच मालकाचा असेल तर एक प्रचलित पद्धत अशी आहे: भाड्यातले ४० टक्के मालकाला आणि ६० टक्के चालकांना. गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती मालकाकडे, डिझेल चालकांकडे. उदाहरणादाखल हिशोब मांडू. वरच्या खेपेला मैलाला दोन डॉलर मिळाले तर भाडे ३,३०० डॉलर. चालकांचा वाटा १,९८०. गॅलनला १० मैल आणि चार डॉलर भाव धरला तर डिझेलचे ६६० गेले. पुढची खेप मिळावी म्हणून ३०० मैल गाडी रिकामी न्यावी लागली, त्याचे आणखी १२०. हातात राहिले १,२०० डॉलर. दोघांत निम्मे केले तर प्रत्येकी ६००. त्यानंतर दोन दिवस काम नाही मिळाले, तर हेच ६०० चार दिवसांवर पसरतात. गाडीवर नवा येणारा साथीदार ३,३०० चा आकडा ऐकून आलेला असतो, आणि पहिली नाराजी इथेच उगवते.

हे १,२०० निम्मे न करता ज्याने जितके मैल चालवले त्याला तितके द्यावे, हे वरवर न्याय्य वाटते. पण ३० तासांची ही खेप पुन्हा पाहा. पहिला ११ तास चालवतो, मग दुसरा ११ तास चालवतो, आणि उरलेले आठ तास पुन्हा पहिल्याकडे येतात. पहिल्याचे १,०४५ मैल झाले, दुसऱ्याचे ६०५. पहिल्याला ७६० डॉलर आणि दुसऱ्याला ४४०. ही ३२० डॉलरची तफावत कष्टातून आलेली नाही. लारेडोला आधी कोण स्टिअरिंगवर बसले, एवढ्यावरच ती ठरली. शिवाय माल चढवताना दोन तास धक्क्यावर उभा राहिलेला कोण, शहरातल्या कोंडीत अडकलेला कोण, पहाटे तीन वाजता पावसात चालवणारा कोण, याची नोंद मैलांत कुठेच होत नाही.

मैलांच्या वाटणीचा खरा धोका मात्र पैशांच्या पलीकडचा आहे, आणि जोडी जमण्याचा प्रश्नही तिथेच येऊन मिळतो. जोडी जमणे म्हणजे स्वभाव जुळणे असे आपण समजतो. सिगारेट, फोनवरच्या गप्पा, केबिनमधला पसारा, हीटर किती ठेवायचा, घरी कधी जायचे, या सगळ्यांवरून खटके उडतात हे खरेच. पण सगळ्यांत आधी जमावी लागते ती झोप. नियमानुसार बर्थ किमान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असतो, आणि झोपणाऱ्याला धरून ठेवायला पट्टा असावा लागतो. त्या पट्ट्याखाली आडवा पडलेला माणूस साथीदाराचे चालवणे पाठीच्या कण्याने ओळखतो. करकचून लावलेला ब्रेक, झटक्यात बदललेली लेन, कडेच्या खाचांवर चाक गेल्यावर उठणारा घरघराट, यातले काहीही त्याला जागे करते. ते दोनदा झाले की तिसऱ्यांदा तो डोळे मिटतो, पण झोपत नाही.

डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकवर चालवण्याच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे. ते यंत्र विश्रांतीचे दहा तास बिनचूक दाखवते, झोप किती झाली ते त्याला कळत नाही. म्हणून जोडीतल्या प्रत्येकाला एक वाक्य निर्धास्तपणे म्हणता आले पाहिजे: ‘मला झोप लागली नाही, मी आत्ता चालवणार नाही.’ मैलांवर पैसे असतील तर हे वाक्य म्हणणारा स्वतःचीच कमाई साथीदाराच्या खिशात घालतो. मग तो ते म्हणत नाही, डोळे चोळत स्टिअरिंगवर बसतो. निम्म्या वाटणीत उशिराची झळ दोघांना सारखीच लागते, आणि खरे बोलण्याचा दंड एकट्याला पडत नाही. आम्ही निम्म्या वाटणीच्या बाजूने आहोत ते मुख्यतः याच कारणासाठी.

ट्रकचा मालक स्वतःच चालकांपैकी एक असेल तेव्हा गुंता वाढतो. ट्रक माझा, धोका माझा, तेव्हा साथीदाराला ठरेल तेवढे देईन, असे तो म्हणतो. त्याचा धोका खरा आहे, पण त्याचे मोल गाडीच्या ४० टक्क्यांत आधीच धरलेले आहे. स्टिअरिंगवर बसल्यावर तोही एक चालकच असतो. गाडीचा वाटा एकदा बाजूला काढला की चालकांच्या वाट्यात मालकाला अर्ध्याहून जास्त मागण्याचा हक्क नाही. नवशिक्याला काही महिने कमी टक्के द्यायला हरकत नाही, मात्र ते किती महिने, हे आधी ठरलेले असावे.

नवरा-बायकोच्या जोड्या या धंद्यात पुष्कळ आहेत. पैसा एकाच घरात येतो, मग वाटणी कशाला, असे तिथे वाटते. पण अमेरिकेत निवृत्तिवेतनासाठी प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटीची ४० क्रेडिट जमावी लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षे. सगळी कमाई नवऱ्याच्या नावावर दाखवली तर दहा वर्षे रात्रपाळीत ट्रक चालवलेल्या बाईच्या खात्यात काहीच जमत नाही. तिला नवऱ्याच्या नोंदीवरचाच आधार उरतो. घरात एकच तिजोरी असली तरी कागदावर दोन नावे हवीत.

दोन चालकांचा विषय आपल्याला परका नाही. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला आडवे होता येईल अशी जागा असावी, ही अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत वर्षानुवर्षे होती. २०१८ मध्ये दोन चालकांची अट काढली गेली. लांबच्या खेपेवर जो मालक आजही दोघांना पाठवतो, त्याच्यापुढेही दुसऱ्याच्या झोपेचा हिशोब कसा करायचा, हा प्रश्न आहेच.

अमेरिकेत ट्रकमालक आणि वाहतूक कंपनी यांच्यातल्या करारासाठी संघीय नियम आहेत. मोबदला करारात स्पष्ट लिहावा लागतो आणि कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण हे संरक्षण मालकापाशी येऊन थांबते. बर्थवरच्या साथीदाराला भाड्याचा कागद बघायला मिळेलच याची खात्री नसते. कंपन्यांनी प्रत्येक खेपेचा हिशोब दोन्ही चालकांना पाठवायला सुरुवात करावी. त्याला वेगळ्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आणि जे दोघे गाडीवर एकत्र चढणार आहेत, त्यांनी पहिल्या खेपेआधी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात: वाटा किती, डिझेल आणि रिकामे मैल कोणाकडे, खेप नाकारायचा अधिकार कोणाला, आणि जोडी अर्ध्या रस्त्यात मोडली तर घरी परतायच्या तिकिटाचे पैसे कोण देणार.